वेगळी चूल

दुकान बंद व्हायला वीस मिनिटं उरलेली,
कर्स्टन लुंडक्विस्टने फळीवर तीन चुली मांडल्या
आणि प्रत्येकीचे आधी दोष सांगितले.
ही पोलादी. पाच पौंड. रात्रभर ऊब धरते,
पण वाहायला गडी लागतो.
ही घडीची. सहा पत्रे, बारा खाचा,
उणे वीसमध्ये हातमोजे काढून जुळवायची,
एक खिट्टी बर्फात पडली की संपलं.
आणि ही टायटेनियमची. हलकी.
लवकर तापते, तितक्याच लवकर विसरते.
दर अर्ध्या तासाला उठून भरवावं लागतं तिला.
म्हटलं, अशी दोन पोरं वाढवलीत मी.
कर्स्टन हसली नाही. बहुधा तिलाही असतील.

पंचवीस वर्षं डुलुथमध्ये काढली तरी
पौंडांचे ग्रॅम मी अजून मनात करते.
घरी येऊन भाजणीच्या काट्यावर ठेवली.
आठशे बावन्न. धुराडं धरून, ठिणग्यांची जाळी धरून.
पिशवी वेगळी मोजली, चाळीस.
पिशवी घरीच राहील.

विद्याधर पेपरातून डोकं न काढता म्हणाला,
"म्हणजे वेगळी चूल मांडतेस तर."
"महिन्यातून तीन रात्री."

त्याची पोलादी पेटी गॅरेजात आहे, खोक्यांखाली.
अकरा हिवाळे त्याने ती घसरगाडीवर ओढली
गोठलेल्या तळ्यांवरून, कमरेला दोर बांधून.
मी मागून, रिकाम्या हातांनी, बडबडत.
मग दोन स्टेंट. मग थंडीत बोटं पांढरी पडू लागली.
कुणी काही ठरवलं नाही.
एका डिसेंबरात त्याने फळीवरून बूट उतरवलेच नाहीत.

सांगलीला आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता,
चिपाडं खायचा, दोघांनी उचलला तरी हलायचा नाही.
चुलीने जागा सोडू नये, अशीच माझी समजूत.
आता ती पाठीवर चढणार.
गुडघ्यांशी बोलून ठेवलंय, अकरा किलोंना ते हो म्हणालेत.
त्यात तंबू, करवत, पिठल्याची पुडी,
आणि विषारी वायू ओळखणारा भोंगा. तो न्यायचाच,
कारण त्या वायूला वास नसतो
आणि मला हलवून उठवणारं तंबूत कुणी नसेल.

रविवारी मागच्या अंगणात पहिला जाळ.
धुराडं म्हणजे सात फुटांचा पत्रा, कागदासारखा,
लांबीला गुंडाळून त्याची नळी करायची.
पत्रा ऐकेना. एक टोक धरलं की दुसरं उसळतं.
तिसऱ्यांदा अंगठा कापला तेव्हा मागचं दार वाजलं.
विद्याधर. अंगात कोट, डोक्यावर माझी टोपी.
त्याने दुसरं टोक धरलं.
तू फिरव, मी दाबतो. हळू.
अगं, हळू म्हटलं ना.
चार हात, सहा कड्या, आणि शेजारच्यांचा कुत्रा बघत होता.

बर्चची साल, सीडरच्या वीतभर ढलप्या.
पत्रा आधी गव्हाळ झाला, मग जांभळा,
मग मोरपिसाच्या डोळ्यातला निळा.
बादल्या पालथ्या घालून आम्ही बसलो.
त्याने हातमोजे काढले, बोटं पुढे केली.
"पोलादाला हा रंग येत नाही," म्हणाला.

निवल्यावर कड्या काढल्या. नळी उलगडली नाही.
कर्स्टनने सांगितलंच होतं,
एकदा तापला की पत्रा वळण धरून ठेवतो,
पुढच्या वेळी दोन हात पुरतात.

"पुढच्या वेळीही हाक मार," तो म्हणाला,
"एकटीला जमायचं नाही हे."
बरं, म्हटलं,
आणि अंगठ्याला पट्टी शोधायला आत गेले.